बदलीवाल्यांचा ऑक्टोबर

मला ऑक्टोबर आवडतो असं म्हटलं की घरातले माझ्याकडे 'हिला झालंय काय' अशा नजरेने बघतात. कुणाला आवडतो हो ऑक्टोबर? पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि मधल्या मध्ये सूर्याने आपल्यावर डूख धरलेला. कपडे तासाभरात वाळतात आणि माणसं तासाभरात भिजतात. मुलुंडला डोंगराकडून वारा येतो म्हणे! साठी उलटली माझी, अजून एकाही ऑक्टोबरात तो माझ्या गॅलरीपर्यंत आलेला नाही. परवा तिथेच चकलीच्या भाजणीची डाळ उन्हात पसरत होते. मान भाजून निघाली, कपाळावरचा घाम डाळीत पडतो की काय म्हणून पदराने पुसला, आणि एकदम आठवला तो माझा मोरपंखी स्वेटर.

ऑक्टोबरात स्वेटर, हो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी रोज मुलुंडहून निघायचे, घाटकोपरला उतरून बस पकडायचे आणि साकीनाक्याला उतरायचे. पिशवीत डबा, छत्री आणि आईने विणलेला स्वेटर. कंडक्टर एकदा म्हणाला, "काय ताई, काश्मीरला?" मी म्हटलं, "हो, दोन हाफ द्या." तेव्हा माझं तोंड असंच होतं. आताही तसंच आहे. आमच्या आळीत कुणाला विचारा, ज्योतीचं तोंड कधी बंद असतं का म्हणून.

आमची कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली लेथ, शेजारी बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना. जिन्यात कायम मशीन ऑइलचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. आणि त्या सगळ्या कढईत काचेची एक खोली, जिच्यात कॉम्प्युटर राहायचा. त्याला एसी, आम्हाला स्वेटर. चपला बाहेर काढायच्या, देवळात जावं तसं आत जायचं. हात बर्फ, नाक लाल. दुपारी चहाला बाहेर आलं की साकीनाक्याचं ऊन अंगावर यायचं, आणि दोन मिनिटं, फक्त दोनच मिनिटं, ते इतकं गोड लागायचं की काय सांगू.

त्या वर्षी खंडेनवमीला इस्टेटीत सगळ्या मशीनांची पूजा चालली होती, तर आमचे शिपाई शंकरराव हळदकुंकवाची वाटी घेऊन थेट काचेच्या खोलीत शिरले. आमचे साहेब ओरडले, "अहो, तिथे धूळ चालत नाही आणि तुम्ही कुंकू नेताय?" शेवटी तडजोड झाली. कुंकू बाहेरच्या स्टॅबिलायझरला आणि झेंडूची माळ प्रिंटरला. माळ काढायची मात्र सगळे विसरले. दुसऱ्या दिवशी पहिला कागद बाहेर आला तो पाकळ्या घेऊनच. शंकरराव म्हणाले, "प्रसाद दिला बघा देवानं." साहेबांनासुद्धा हसू आवरलं नाही.

त्याच आठवड्यात ते काम आलं. घाटकोपरला एक रक्तपेढी होती. रक्तदात्यांची नावं, गट, पत्ते, शेजाऱ्याचा फोन, असं सगळं ठेवणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता, पण तो दुसऱ्याच्या मोठ्या मशीनवर, तास ठरवून चालायचा. आता त्यांनी स्वतःचं छोटं मशीन घेतलं होतं, आमच्याकडे होतं तसंच. जुना प्रोग्रॅम उचलून नव्यावर चालता करायचा, दिवाळीच्या आत. कारण दिवाळीच्या सुट्टीत रक्त द्यायला कुणी फिरकत नाही आणि लागायचं मात्र थांबत नाही. तेव्हा यादी हाताशी हवी.

याला इंग्रजीत पोर्टिंग म्हणतात. आम्ही म्हणायचो बिऱ्हाड हलवणं. आणि बिऱ्हाड हलवणाऱ्याला जे दुःख असतं तेच आमचं. जुन्या घरात अंधारातही हात लांब केला की फडताळ सापडायचं. नव्या घरात तिथे नुसती भिंत. प्रत्येक मशीनबरोबर बारीकसारीक तयार कामांची एक पेटी येते, तिला लायब्ररी म्हणतात. नावं अकारविल्हे लाव, आजची तारीख सांग, अक्षरं मोज, असली कामं. जुना प्रोग्रॅम ही कामं हक्काने मागायचा, आणि नव्या मशीनच्या पेटीत त्यातली निम्मी नव्हतीच. पहिल्याच दिवशी मशीनने पानभर यादी काढली, हे मिळालं नाही, ते मिळालं नाही. मी म्हटलं, "वाट लागली."

मिलिंद म्हणाला, "वाट कसली गं? बदली भरायचे."

मिलिंद माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. घाटकोपरचाच. मूळ साताऱ्याकडचं बौद्ध कुटुंब, वडील मुंबईत येऊन गिरणीत लागलेले. गिरणीत कायम नव्हते ते, बदली होते. म्हणजे रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर, म्हणजे लूमवर, त्या दिवसापुरतं काम करायचं. वर्षानुवर्षं तसंच. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि बदली म्हणून लागलेला माणूस बदली म्हणूनच घरी बसला. मिलिंद हे अगदी सहज सांगायचा, डब्यातली भाजी पुढे करता करता. आमचे बदलीही तसेच: जे फंक्शन, म्हणजे पेटीतलं तयार काम, नव्या मशीनवर हजर नाही त्याच्या जागी आपण आपलं लिहायचं, त्याच नावाने, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमला पत्ताही लागणार नाही की आत माणूस बदललाय. अशी सगळी आपली फंक्शनं त्याने एका फाइलमध्ये ठेवली. फाइलचं नाव 'बदली'. वर त्याचं नाव, कारण ती सांभाळायची त्याने.

"आमचा बाबा म्हणायचा," तो सांगायचा, "बदलीवाल्याने काम शिकून भागत नाही. ज्याच्या जागी उभा आहेस त्याच्या खोडीपण शिकायच्या. तो न सांगता काय काय करत होता, ते बघायचं."

काय दिवस होते! मशीन एक आणि आम्ही तिघं-चौघं, म्हणून सगळं आधी कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचं. चौकटीचौकटींचे ते हिरवट कागद. मग नंबर आला की आत जाऊन टाइप करायचं. एक बदली उभा राहिला की यादीतलं एक नाव खोडायचं आणि ज्याने लिहिलं त्याने चहा मागवायचा. तारखेचं झालं, अकारविल्हेचं झालं. यादी रोज आखूड व्हायची, तसतसे आम्ही फुगायचो. मिलिंद गुणगुणत टाइप करायचा, आणि एखादं अवघड जमलं की खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "झकास!" इतक्या वर्षांत इतकी मशीनं पाहिली, पण आपण एखाद्या नसलेल्या गोष्टीची जागा भरतोय याचा तसला आनंद पुन्हा नाही मिळाला मला.

आणि हे सगळं मिलिंदसाठी नुसतं काम नव्हतं. तो कंपनीत कायम नव्हता. लेखी परीक्षेत तो पहिला आला होता, मी तिसरी. पण मला तीन महिन्यांत कायम केलं आणि त्याचं वर्ष व्हायला आलं तरी 'बघू' चाललं होतं. माझा मामा साहेबांचा वर्गमित्र, हे मी तेव्हा योगायोगात धरायचे. साहेबांनी त्याला सांगितलं होतं, रक्तपेढीचं काम नीट पार पडलं की दिवाळीला पत्र देतो. घरात मिळवणारा तो एकटा. तो म्हणायचा, "यार, आमच्या घरात कायम हा शब्द एकदा तरी कागदावर बघायचाय बाबाला."

यादीत शेवटी राहिलं ते सरकवणारं फंक्शन. नावांच्या रांगेत मधे एक नवीन नाव घालायचं तर खालची सगळी नावं एकेक जागा खाली सरकवावी लागतात. हे त्याचं काम. गुरुवार होता. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जुहूला जायचं ठरलेलं, भेळ, वाळू, सगळा बेत. मी म्हटलं, हे मी लिहिते, चार ओळींचं तर आहे.

मिलिंद म्हणाला, "दोन्ही बाजूंनी सरकवून बघ गं. वर पण, खाली पण."

"मला नको शिकवू रे," मी म्हटलं. शीटवर खरडलं, टाइप केलं, एक नाव काढून बघितलं. खालची नावं शहाण्यासारखी वर सरकली. त्याच्या फाइलमध्ये टाकलं आणि स्वेटर काढत जिना उतरले. जुहूच्या वाळूत बसून मी तिघींना माझ्या हुशारीच्या गप्पा मारल्या.

माझी चूक आता मी कुणालाही बाकाच्या उदाहरणाने सांगते. बाकावर पाच जण बसलेत आणि पहिल्या टोकाला सहावा आला. 'सरका' म्हटल्यावर आधी कुणी सरकायचं? शेवटच्याने. पहिला आधी सरकला तर तो दुसऱ्याच्या मांडीवर. माणूस निदान 'ए बाबा' म्हणून ओरडतो. मशीनमधलं नाव ओरडत नाही. पहिलं नाव दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसतं, दुसरं पुसलं जातं. मग ते तिसऱ्याच्या जागेवर, आणि असं करत करत सगळ्या रांगेत एकच नाव. जुन्या मशीनवरचं फंक्शन कुठल्या दिशेला सरकायचंय ते आधी बघायचं आणि गरज पडली तर मुकाट्याने शेवटून सुरुवात करायचं. ती त्याची खोड. मी शिकले नव्हते.

शुक्रवारी दुपारी रक्तपेढीच्या डॉक्टर आल्या, काम बघायला. जाड चष्म्याच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. बरोबर त्यांचे जुने सहायक आंगणे, पन्नाशीचे मालवणी गृहस्थ. डॉक्टरांना सगळं आवडलं. मग त्या म्हणाल्या, "आता आमच्या आंगण्यांचं नाव घाला बघू. यांचा ओ निगेटिव्ह आहे, आणि इतरांचं घेताना स्वतःचं द्यायचं राहूनच जातं."

आंगणे. नावं इंग्रजीत, तेव्हा ए, म्हणजे रांगेत सगळ्यात वर. मिलिंदने नाव घातलं, प्रिंट दिला. प्रिंटर करकरत चालू झाला. आंगणे, मग भोईर. भोईर. भोईर. भोईर. पानाच्या तळापर्यंत भोईर.

डॉक्टर कागद वाचून म्हणाल्या, "एवढं सगळं रक्त एकट्या भोईरचं? बिचाऱ्याला घरी तरी जाऊ द्या."

कुणी हसलं नाही. साहेबांच्या कपाळावर आठी आली. "बदलीत कायतरी गडबड आहे," त्यांनी फाइल उघडायला लावली. वर मिलिंदचं नाव. त्यांनी ते वाचलं, आणि सगळ्यांसमोर, डॉक्टर, आंगणे, दारातले शंकरराव, सगळ्यांसमोर म्हणाले, "मला वाटलंच होतं. उगाच नाही मी कन्फर्मेशनला थांबलो."

मला वाटलंच होतं. एवढ्या थंड खोलीत माझे कान गरम झाले. मिलिंदने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एकदाच. आणि मी, जिचं तोंड अख्ख्या आळीला माहीत, मी स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत उभी राहिले.

तो पुढे झाला. "मॅडम, दहा मिनिटं द्या." शीट नाही, पेन्सिल नाही, थेट टाइप करत बसला. दहाही लागली नाहीत. मूळ यादी परत भरून घेतली आणि पुन्हा प्रिंट. आंगणे, भोईर, चव्हाण, डिसूझा, एकेक माणूस आपापल्या जागेवर. डॉक्टर खूश होऊन गेल्या. साहेब मिलिंदला म्हणाले, "सोमवारी बोलू."

शनिवारी आमच्याकडे चकल्या होत्या. मी सोऱ्या दाबत होते, आई तळत होती. ती म्हणाली, "घसा बसलाय का गं तुझा? सकाळपासून एक शब्द नाही." मी हो म्हटलं. तिने मला हळद घालून दूध दिलं आणि ते पिताना मला स्वतःचीच इतकी शिसारी आली की पेला तसाच ठेवला. मी स्वतःला सांगत होते की बोलायची वेळच आली नाही, सगळं पटकन झालं. खोटं. धागा ओढून ओढून बाहीला भोक पडेपर्यंत वेळ होता माझ्याकडे.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "ते सरकवण्याचं मी लिहिलं होतं."

साहेब हसले. "तू कशाला अंगावर घेतेस? चांगली मुलगी आहेस, पण अशाने कुणाचं भलं होत नाही." त्यांना ते खरंच वाटेना! माझी चूक माझ्या नावावर घाला असं मीच म्हणत होते आणि माझ्या चांगुलपणात ती जमा होत होती. शेवटी मी कोडिंग शीट काढलं. माझं अक्षर, गुरुवारची तारीख, कोपऱ्यात भेळेसाठी जमायची वेळसुद्धा लिहिलेली. साहेबांनी ते बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "बरं. जा तू." एवढंच. मला एक शब्द रागाचा नाही. मिलिंदला दुसऱ्या आठवड्यात पत्र मिळालं.

त्याच सोमवारी चहाच्या वेळी मी त्याला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. सांगताना, आता कबूल करते, मला जरा शाबासकी हवी होती. तो कपातला चहा फिरवत ऐकत होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पण साहेब शुक्रवारी बोलले तेव्हा डॉक्टर होत्या, आंगणे होते, शंकरराव होते. तू आज सांगितलंस ते केबिनचं दार लावून."

त्याने कप खाली ठेवला. "बाबाला आयुष्यभर हेच ऐकावं लागलं, ज्योती. धागा कुणाचाही तुटो, बदलीवाल्याचाच तुटला. मला वाटलेलं, तुला तरी माहीत आहे."

मी वर गेले आणि शंकररावांना सांगितलं. मोठ्याने, चारचौघांत, साहेबांची केबिन उघडी असताना. मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून घाटकोपरला रक्तपेढीत गेले. डॉक्टर बाहेर गेल्या होत्या. आंगणे कापसाचे बोळे करत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की शुक्रवारची चूक माझी होती, मिलिंदची नव्हती, डॉक्टरांनाही सांगा.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तो झील मान खाली घालून टायपत होतो, तां माका बघवला नाय," ते म्हणाले. "आणि तू थयच उभी होतंस मां? मगे तेवाच कित्याक नाय बोललंस?"

"घाबरले," मी म्हटलं. पहिल्यांदाच खरं कारण तोंडातून बाहेर पडलं, आणि त्याबरोबर रडूही. भर दुपारी, अनोळखी माणसासमोर. आंगण्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता इलंस तर रगत देवन जा गो. येळ फुकट नको." सुईला मी आयुष्यभर घाबरत आलेय. मुकाट बाही वर केली.

मिलिंदला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा त्याने मला काहीतरी म्हणावं म्हणूनच सांगितलं असतं. आम्ही शेजारी बसून काम करत राहिलो. भाजीची देवाणघेवाण चालू, चहा चालू, 'झकास'ही चालू. पण त्याच्या बोलण्यात एक जपून चालणं आलं होतं, नवीन फरशीवर चालतो तसं. ते फक्त मला कळायचं. साहेबांनी पुढे त्याच्यावर मोठमोठी कामं टाकली आणि त्याने ती सगळी पार पाडली. आता पुष्कळ वर्षांनी मला वाटतं, साहेबही काही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त वाटलंच होतं. आणि ते किती सहज वाटलं होतं, आणि आम्हा बाकीच्यांना ते किती सहज ऐकून घेता आलं, याची लाज मात्र वयाबरोबर वाढत गेली. तरुणपणी मी चूक माझ्या चार ओळींत शोधायचे.

पुढच्या ऑक्टोबरात मिलिंद रक्तपेढीचं मशीन तपासायला गेला होता. दुपारी परत आला, घामाने निथळत, आणि त्याने यादीचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. दात्यांमध्ये माझं नाव होतं, पुढे आदल्या वर्षीची तारीख.

"आंगणे बोलले," तो म्हणाला.

खालच्या लेथचा आवाज येत होता. त्याने रुमालाने मान पुसली, खुर्ची ओढून बसला, काम काढलं, आणि मशीनकडे बघतच म्हणाला, "तेवढं तरी केलंस गं."

पुढे मला बढत्या मिळाल्या, निरोप समारंभात भाषणं झाली, शाली मिळाल्या. त्यातलं कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही. पण मिलिंदने ते म्हटलं त्या दुपारी मी तोंड धुवायच्या निमित्ताने उठले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.